खोकड, कोल्हा आणि प्रतोद

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या सुशिक्षित मराठी मंडळींत एक मत अलीकडे सिद्धान्ताच्या थाटाने वावरू लागले आहे. ते असे की, इंग्रजी भाषेची श्रीमंती पाहावयाची असेल तर तिच्यातील एखाद्या खेळाचा शब्दसंग्रह पाहावा आणि मग मराठीकडे वळून आपले दारिद्र्य मुकाट्याने कबूल करावे. या मताच्या पुष्ट्यर्थ हटकून दिले जाणारे उदाहरण म्हणजे घोड्यावर बसून, शिकारी कुत्र्यांच्या टोळीनिशी खोकडाचा पाठलाग करण्याचा इंग्रजी खेळ. "कुत्र्याच्या शेपटीला एक शब्द, खोकडाच्या शेपटीला दुसरा, आहे का तुमच्या मराठीत असे काही?" हा प्रश्न टाकला की समोरचा गप्प बसतो, असा या मंडळींचा अनुभव असावा. मला मात्र गप्प बसण्याचे कारण दिसत नाही. उदाहरण त्यांनी चांगले निवडले आहे. परंतु ते नीट तपासले तर त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्या निष्कर्षाच्या नेमका उलट आहे, असे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम त्या शब्दसंग्रहाला न्याय देऊ. या खेळात कुत्र्याला कुत्रा म्हणावयाचे नाही, तो 'हाउंड'. त्यांची मोजणी एकेकाने करावयाची नाही, जोडीने करावयाची. पस्तीस कुत्रे असतील तर ते साडेसतरा जोड्या. हाउंड भुंकत नाही, तो 'बोलतो'. सगळे मिळून बोलू लागले की ते 'संगीत'. हाउंडची शेपटी 'स्टर्न', खोकडाची 'ब्रश' आणि खोकडाचे तोंड 'मास्क'. स्वारांचा लाल डगला लाल नसतो, तो 'पिंक'. खोकड ज्या झुडपांच्या रानात दडते त्याला 'कव्हर्ट' असे लिहितात, पण जाणकार शेवटचे अक्षर गिळून 'कव्हर' म्हणतो. आणि जो बिचारा शेवटचा 'ट' उच्चारतो तो बाहेरचा आहे हे सगळ्यांना एका क्षणात समजते.

या शेवटच्या उदाहरणापाशी क्षणभर थांबावे. ज्या शब्दाचा खरा उपयोग बोलणाऱ्याचे कूळ ओळखण्यासाठी होतो, तो भाषेची संपत्ती म्हणावयाचा की भाषेच्या दारावरचा पहारेकरी? लाल डगल्याला 'पिंक' म्हटल्याने तो डगला अधिक स्पष्ट दिसत नाही; तो शब्द न जाणणारा माणूस मात्र अधिक स्पष्ट दिसतो. युरोपात ही रीत जुनी आहे. जर्मन शिकाऱ्यांत तर शिकारीच्या बोलीत चुकणाऱ्याला शिकारी सुऱ्याच्या पात्याने पार्श्वभागी फटके देण्याची प्रथा होती. शब्द चुकला म्हणून हरण निसटत नसे; पण चुकणाऱ्याची पायरी त्याला दाखवून दिली जात असे. वाचकांपैकी पुष्कळांना आपल्या कचेऱ्यांतील इंग्रजीची येथे आठवण होईल. टिप्पणीतील मुद्दा बरोबर असूनही तिच्यातील एका शब्दयोगी अव्ययावरून लिहिणाऱ्याची लायकी ठरविणारे वरिष्ठ आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांच्या हाती सुरा नसतो, एवढाच फरक.

तथापि या शब्दसंग्रहात दुसरा एक थर आहे, आणि आमच्या इंग्रजीभक्तांना तो बहुधा ठाऊक नसतो. वास हरवला आणि टोळी थबकली की तो 'चेक'. हरवलेला माग पुन्हा सापडावा म्हणून शिकारप्रमुख टोळीला अर्धवर्तुळात फिरवून आणतो, तो 'कास्ट'. खोकड सोडून टोळी सशाच्या किंवा हरणाच्या मागे लागली तर तो 'रायट'. वास नसताना उगाच बोलणारा हाउंड 'बॅबलर'. माग सोडून आडवाटेने पुढे घुसणारा 'स्कर्टर'. वास लागूनही तोंड न उघडणारा 'म्यूट'. जोडीने मोजण्यालाही कारण आहे. नवशिक्या कुत्र्याला मुरलेल्या कुत्र्याशी जोडपट्ट्याने बांधून शिकवीत, म्हणून जोडी हे माप झाले. हे शब्द शोभेचे नाहीत, कामाचे आहेत. धावत्या घोड्यावर बसलेल्या माणसाला क्षणात निर्णय घ्यावयाचा असतो. त्याला दोन वाक्यांची सवड नसते, म्हणून त्याने एका शब्दात ते साठवले. आणि हे शब्द घडविणारे कोण? डगला मिरविणारे जमीनदार फारसे नव्हेत. टोळी सांभाळणारे, कुत्र्यांचे खाणे शिजविणारे, पहाटे खोकडाची बिळे बुजवून येणारे पगारी नोकर. म्हणजे खरी श्रीमंती चाकरांच्या तोंडी होती आणि पहारेकऱ्याचे काम करणारे शब्द धन्याच्या तोंडी. आमच्याकडे कौतुक होते ते नेमके दुसऱ्या प्रकारचे, ही त्या कौतुकावरची माझी पहिली हरकत.

दुसरी हरकत अशी की, ही श्रीमंती इंग्रजीच्या घरची नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर राजाची शिकार व तिची फ्रेंच भाषा आली. खोकड दृष्टीस पडताच जी प्रसिद्ध आरोळी ठोकतात, ती 'टॅलिहो' मूळच्या फ्रेंच आरोळीचे रूपांतर होय. जनावर कोंडीत सापडून पाठलाग करणाऱ्यांकडे तोंड फिरवते त्या अवस्थेचा 'बे' हा शब्द फ्रेंच. सावजाला असलेला 'क्वॉरी' हा शब्दही फ्रेंच, आणि त्याचा मूळ अर्थ, मारलेल्या जनावराच्या कातड्यावर कुत्र्यांना वाढलेला वाटा. फ्रान्समधील फॉ येथील गास्तों फेब्यू याने १३८७ पासून शिकारीवर जो ग्रंथ लिहिला, त्याचेच बव्हंशी भाषांतर पंधराव्या शतकाच्या आरंभी यॉर्कच्या ड्यूकने इंग्रजीत केले आणि इंग्रजीतील शिकारशास्त्राचा पाया घातला. जेत्यांची भाषा उसनी घेऊन, ती आपल्या जिभेला मानवेल अशी वाकवून, इंग्रजाने ती आपली केली. यात लाज वाटण्यासारखे त्याला काही वाटले नाही. मग आमच्या लगाम, रिकीब, खोगीर, पागा या शब्दांकडे बोट दाखवून "हे तर फारशी-अरबी" असे म्हणत मराठीचे दारिद्र्य सिद्ध करणाऱ्यांना कोणते तर्कशास्त्र शिकविले आहे, ते त्यांनाच ठाऊक. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दहा वर्गांत फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. त्या कार्याचे मोल मोठेच आहे. तरीही घोड्याच्या पाठीवर खोगीरच राहिले आणि तोंडात लगामच राहिला, कारण त्या शब्दांचा मालक दरबार नव्हता, घोडा खरारा करणारा माणूस होता.

आता या खेळाने हिंदुस्थानात काय केले ते पाहावे. इंग्रज अधिकारी विलायतेहून हाउंडांच्या टोळ्या बोटीने आणीत. उटीच्या पठारावर, पेशावरच्या खोऱ्यात आणि इतर लष्करी ठाण्यांत त्यांनी आपले शिकारमंडळ थाटले. पण येथे त्यांचे विलायती खोकड कोठून असणार? तेव्हा त्यांनी पाठलाग केला तो कोल्ह्याचा. जनावर बदलले, ऋतू बदलला, जमीन बदलली. शब्द मात्र एकही बदलला नाही. कोल्ह्याची शेपटीही 'ब्रश'च. आता गंमत अशी की, आपल्याकडे 'फॉक्स' या शब्दाचे भाषांतर सर्रास 'कोल्हा' असे करतात. इसापाच्या द्राक्षांखाली आपण कोल्हाच उभा केला आहे. वस्तुतः कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळे. खोकड अंगाने लहान, झुबकेदार शेपटीचे, उघड्या माळावर बीळ करून राहणारे. माळावरचा कोणताही मेंढपाळ ही दोन जनावरे ओळखतो. म्हणजे मराठीजवळ दोन जनावरांसाठी दोन शब्द चांगले शाबूत होते. भाषांतरकाराने त्यांतला एक फेकून दिला आणि नंतर भाषा अपुरी असल्याची तक्रार केली! अपुरी भाषा नव्हती. मेंढपाळाला विचारण्याइतकी सवड अपुरी होती.

शिकारीचा आणि घोड्याचा मराठी संग्रह खरोखर केवढा आहे? माग, सावज, दबा, हाकारे, मचाण, वाघूर, फासा; पागा, दावण, मोतद्दार, बारगीर, शिलेदार, तोबरा, खरारा, टाप, दुडकी, भरधाव, चौखूर. यांतले कितीतरी शब्द रानातून आणि पागेतून उठून आपल्या रोजच्या बोलण्यात आले. निरुपयोगी माणसांचा भरणा म्हणजे 'खोगीरभरती'; अडचणीची नेमकी जागा म्हणजे जेथे घोडे पेंड खाते ती; उशिरा सुचलेले शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडे. शिकारी कुत्र्यांचेही तसेच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लासा'त मृगया आणि श्वान हे राजाच्या विनोदाचे स्वतंत्र विषय आहेत. दख्खनच्या माळावरचा सडपातळ, लांब पायांचा कुत्रा मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासला. राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोडी सम्राट पाचव्या जॉर्जला नजर केली आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. तेव्हा "आमच्याकडे हे नव्हतेच" असे कोणी म्हणू नये. होते, आणि ज्यांच्याजवळ होते त्यांना आपण विचारले नाही, हे म्हणावे.

कारण मराठी मुलखात माग काढण्याची विद्या ज्यांच्या हाती होती ते पारधी. चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटाची शिकार करणारे पारधी कोल्हापूरसारख्या संस्थानांत चाकरीस होते. फासे लावणारे माळोमाळ हिंडत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जी व्यवस्था सुरू केली आणि जी पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाली, तिने पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला. व्यवहारातून तो अद्याप पुरता पुसलेला नाही. इंग्रज जमीनदाराने आपल्या कुत्रेवाल्या चाकराचा शब्द उचलून पार्लमेंटात नेला. आपण आपल्या माग काढणाऱ्या माणसाला पोलीस ठाण्यात नेले, आणि त्याचे शब्द त्याच्याबरोबर गेले. भाषेचे दारिद्र्य म्हणतात ते असे तयार होते. ते जन्मजात नसते.

पार्लमेंटाचा उल्लेख आला तो उगाच नव्हे. या साऱ्या शब्दसंग्रहातील एक शब्द आपल्या लोकशाहीच्या मध्यभागी येऊन बसला आहे आणि आपण त्याचे जे केले ते माझ्या तक्रारीचे मूळ आहे. तो शब्द 'व्हिप'. शिकारीच्या मैदानात शिकारप्रमुखाच्या हाताखाली 'व्हिपर-इन' नावाचा चाकर असतो. त्याचे काम टोळीला पळविण्याचे नव्हे. कुत्रे आपल्या नाकाने आणि आपल्या पायांनी पळतच असतात. त्याचे काम भरकटलेल्या कुत्र्याला चाबकाच्या आवाजाने पुन्हा टोळीत आणण्याचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील राजकारण्यांनी हा शब्द, मतदानाच्या वेळी आपल्या पक्षाचे सभासद गोळा करून आणणाऱ्या माणसाला लावला. पुढे तो 'व्हिप' एवढाच उरला, आणि ज्या आदेशाखाली तीन रेघा ओढलेल्या असतात तो 'तीन रेघांचा व्हिप' झाला. आपल्याकडेही ही संस्था लवकरच रुजली. अखिल भारतीय व्हिप परिषद पहिल्यांदा भरली ती १९५२ साली, होळकरांच्या इंदुरात.

मराठीने याला 'प्रतोद' हा शब्द दिला. शब्द सुंदर आहे, भारदस्त आहे. प्रतोद म्हणजे सारथ्याचा चाबूक. भारतीय युद्धात भीष्मांवर धावून जाणाऱ्या श्रीकृष्णाच्या हाती असलेला. पण भाषांतरकाराने पाहिला तो चाबूक. चाबूक धरणाऱ्याचे काम पाहिले नाही. सारथ्याचा चाबूक जुंपलेल्या घोड्यांवर चालतो. भरकटण्याचा प्रश्न तेथे नसतो, प्रश्न वेगाचा असतो. शिवाय सारथी स्वतःच रथ हाकतो. व्हिपर-इन तसा नाही. त्याच्यावर शिकारप्रमुख, त्याच्यावर शिकारमंडळाचा धनी. तो दुसऱ्याच्या वतीने चाबूक वाजवितो, आणि त्याची नेमणूक कुत्र्यांनी केलेली नसते. ही सारी रचना 'प्रतोद' या एका शब्दाआड लपली. हिंदीने 'सचेतक' म्हटले. त्यात निदान काम सांगितले आहे, जरी ते फारच मवाळ करून सांगितले असले तरी.

यात कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते असे. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्व धोक्यात आले. त्या परिशिष्टात व्हिप हा शब्दच नाही. 'राजकीय पक्षाने दिलेला निदेश' अशा अर्थाची शब्दयोजना आहे. महाराष्ट्रातील २०२२ च्या सत्तांतरानंतर "खरा प्रतोद कोणाचा?" हा प्रश्न महिनोन्महिने मराठी वृत्तपत्रांतून गाजत राहिला. अखेर ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातील सभासदगटाचा नव्हे. न्यायालयाने हा निर्णय घटनेच्या कलमांवरून दिला, शिकारीच्या मैदानावरून नव्हे, हे उघड आहे. पण मूळ शब्दातील चित्र ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्याला तो समजण्यास क्षण पुरला असता. हाकणारा टोळीचा नसतो, धन्याचा असतो. 'प्रतोद' वाचणाऱ्या मराठी नागरिकापुढे मात्र नुसता एक चाबूक होता, आणि तो कोणाच्याही हाती दिसू शकत होता. आपला प्रतिनिधी स्वतःच्या विवेकाने मत देतो की कोणाच्या हाकेवर, हा नागरिकाचा साधा प्रश्न. तो विचारण्याचे साधनच शब्दाने बोथट केले.

त्यात भर म्हणजे दुसरा शब्द. लोकसभेच्या सभासदाला आपण 'खासदार' म्हणतो. जुन्या मराठीत खासदार हा घोड्याची निगा राखणारा, म्हणजे मोतद्दार. एक पागेतला, दुसरा रथावरचा. आणि दोघांचा मूळ अर्थ विसरून आपण त्यांना लोकशाहीच्या मंदिरात बसविले. मोतद्दार हा मानाचा शब्द नाही असे मी म्हणत नाही. जनावराची काळजी घेणारा माणूस लोकांचीही घेईल. पण शब्द घेताना तो कोठून येतो हे पाहिले असते, तर निदान पाहून घेतला असता.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे. मान्य. 'प्रतोद' आता बदला असे मी म्हणतच नाही. रूढ झाला तो झाला. परंतु नवा शब्द घडविताना रूढीची साक्ष काढता येत नाही, कारण रूढी तेव्हा अस्तित्वातच नसते. त्या घटकेला घडविणाऱ्याजवळ एकच आधार असतो, आणि तो म्हणजे त्या कामाचे ज्ञान. हे साधते याचा पुरावाही आहे. 'रिले' हा शब्द शिकारीतलाच. दमलेल्या कुत्र्यांच्या जागी वाटेवर ताज्या कुत्र्यांची तुकडी तयार ठेवीत, ती रिले. तो नभोवाणीत आला तेव्हा मराठीने कुत्र्यांकडे किंवा शर्यतीकडे पाहिले नाही; काम काय चालले आहे ते पाहिले आणि 'सहक्षेपण' असा शब्द दिला. तो वापरणाऱ्यास कधी अडखळावे लागले नाही.

दुसरा आक्षेप, हा खेळच क्रूर. त्याची भाषा मेली तर बरेच. खेळ क्रूर होता यात मला शंका नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने, जो १८ फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आला, कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार करण्यास बंदी झाली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार लावले. दोन्ही योग्यच. पण कृत्य बंद झाले म्हणून शब्द पुसावेत हे म्हणणे, किल्ले पडले म्हणून बुरूज, तट आणि माची हे शब्द टाकून द्यावेत असे म्हणण्यासारखे आहे. माग काढणे शिकाऱ्याचे सुटले. वनरक्षकाचे, प्राण्यांची गणना करणाऱ्याचे आणि चोरटी शिकार पकडणाऱ्याचे सुटलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. कामाच्या रगाड्यात ही चिकित्सा करावयास वेळ कोणाला? मी स्वतः केंद्र शासनाच्या एका कचेरीतील कारकून आहे. संचिकांचा ढीग म्हणजे काय ते मला सांगावे लागत नाही. पण याच नोकरीने आपल्याला असे एक साधन दिले आहे जे पुण्यामुंबईच्या कोशकारांना सहजासहजी मिळत नाही. आपल्यातला कोणी मिठागरांवर आहे, कोणी वनखात्यात, कोणी रेल्वेच्या यार्डात, कोणी सीमाशुल्काच्या गोदीवर. प्रत्येक ठिकाणी काम करणाऱ्या माणसाजवळ त्या कामाचे शब्द आहेत, आणि आपण रोज त्यांच्या शेजारी उभे असतो. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने कोश केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तो दर्जा जुन्या ग्रंथांवर मिळाला. भाषा टिकणार आहे ती मात्र उद्या यार्डात, गोदीत आणि रानात कोणता शब्द उच्चारला जातो त्यावर.

म्हणून वाचकांपुढे माझी मागणी साधी आहे. ज्यांच्या टेबलावर भाषांतराचे काम येते त्यांनी कोश उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे काम कोण करतो? कशावर करतो? आणि हा शब्द पुढे कोणाच्या तोंडी बसावयाचा आहे? ज्यांच्याकडे असे काम येत नाही त्यांनी निदान आपल्या मुलांना कोल्हा आणि खोकड यांतला फरक सांगावा. तो सांगावयास व्याकरण लागत नाही. आणि ज्या वरिष्ठांना इंग्रजी शब्दांच्या शेवटच्या अक्षरावरून माणसाची पारख करण्याची सवय आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ज्या भाषेचा ते पहारा करीत आहेत तिची खरी संपत्ती कुत्रेवाल्या चाकरांनी कमावलेली आहे. इंग्रजाने ती घेताना चाकराची जात विचारली नाही. आपण मोतद्दाराला, मेंढपाळाला आणि पारध्याला दाराबाहेर ठेवून भाषा श्रीमंत करावयास निघालो आहोत. तोवर आपल्या कोशात भर पडेल ती खोगीरभरतीचीच.